लॉबिंगची नोंद कोणी ठेवावी : भेटायला जाणाऱ्याने की भेट देणाऱ्याने?

नोंदवही (धागाकर्ता)

डिसेंबर २०१२ मधली एक गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही. बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी देण्याच्या निर्णयावर संसदेत मतदान होऊन काही दिवसच झाले होते, आणि बातमी आली की वॉलमार्टने २००८ पासून लॉबिंगवर, म्हणजे धोरण आपल्या बाजूने वळावे म्हणून सत्तेतील लोकांपर्यंत पोहोचण्यावर, सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केल्याचे अमेरिकी सिनेटला सादर केलेल्या विवरणांत लिहिले आहे. ती रक्कम एकट्या भारतासाठी नव्हती. मात्र ज्या विषयांवर लॉबिंग केले त्यांच्या यादीत भारतातील गुंतवणुकीसाठी बाजारपेठ खुली होण्याचा विषय होता. संसदेत गदारोळ झाला, सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची एकसदस्यीय समिती नेमली, आणि समितीच्या हाती ठोस असे काही लागले नाही.

या प्रकरणात मला सर्वांत अधिक लागून राहिलेली बाब अशी की, आपल्या देशाच्या धोरणाविषयी कोण कोणाशी बोलत होते याचा पहिला धागा आपल्याला परक्या देशाच्या कायद्यामुळे मिळाला. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांना विवरणपत्र भरावे लागते, आणि २००७ च्या दुरुस्तीपासून ते दर तिमाहीला भरावे लागते. आपल्याकडे असा कायदा नाही. २०१३ मध्ये कालिकेश सिंह देव यांनी लोकसभेत लॉबिंगच्या प्रकटीकरणाचे खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक) मांडले होते, पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायद्यात रूपांतरित झालेले नाही, आणि हेही त्याच वाटेने गेले.

माझा प्रश्न असा आहे : भारतात असा कायदा हवा का, आणि हवा असल्यास नोंद ठेवण्याची जबाबदारी भेटायला जाणाऱ्यावर टाकावी की ज्याला भेटतात त्या मंत्र्यावर आणि अधिकाऱ्यावर?

प्राजक्त

उत्तराआधी शब्दाकडे पाहू या. मराठीत ‘लॉबी’ म्हटले की साखर लॉबी, बिल्डर लॉबी, मद्य लॉबी असे शब्द आठवतात आणि त्या प्रत्येकात संशय मिसळलेला असतो. पण अंगणवाडी सेविका शिष्टमंडळ घेऊन मंत्र्यांना निवेदन देतात तेव्हा आपण त्याला लॉबिंग म्हणत नाही. क्रिया मात्र तीच आहे. १९७७ चा रोजगार हमी कायदा, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, माहितीच्या अधिकाराचा कायदा, यांतला एकही केवळ विधिमंडळाच्या अंतःप्रेरणेने झालेला नाही. संघटनांनी वर्षानुवर्षे दारे ठोठावली तेव्हा ते झाले. जादूटोणाविरोधी विधेयकाबाबत तर दोन्ही बाजूंनी दबाव होता. काही वारकरी संघटनांचे आक्षेप होते, त्यांच्याशी चर्चा होऊन कलमे बदलली, आणि तरीही विधेयक रखडले ते रखडलेच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाल्यानंतरच अध्यादेश निघाला.

म्हणून ‘दबावगटांवर नियंत्रण’ ही भाषाच मला मान्य नाही. मागणी घेऊन जाणे हा नागरिकाचा हक्क आहे. नियमन करायचे असेल तर ते गुप्ततेचे करावे.

ऊसफड

धागाकर्त्यांचा प्रश्न चांगला आहे, परंतु आमच्या भागातून पाहिले तर तो अपुरा वाटतो. मी ऊस उत्पादक आहे. साखर कारखान्याच्या अध्यक्षाला मंत्र्याकडे लॉबिंगला जावे लागते असे आपण गृहीत धरत आहात. महाराष्ट्रात तो अध्यक्ष स्वतः आमदार असतो, कधी मंत्री असतो, आणि त्याचा भाऊ किंवा मुलगा जिल्हा बँकेवर असतो. आपण ठेवाल त्या नोंदवहीत तो कोणाला भेटला असे लिहिणार? घरच्या जेवणाच्या ताटावर झालेल्या बोलण्याची नोंद कोठे करणार?

एक उदाहरण देतो. जून २०१८ मध्ये केंद्राने साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये ठरवला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ रुपये केला. कारखानदारांच्या संघटनांनी त्यासाठी दिल्लीत पाठपुरावा केला होता आणि त्यात काही गैर नव्हते, कारण साखरेचे दर कोसळले असते तर आमची एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा रास्त व किफायतशीर दर) अडकली असती. मी त्या निर्णयाच्या विरोधात नाही. पण ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी द्यावी हा नियम पाळला जावा म्हणून आम्हाला रस्त्यावर बसावे लागते, वाहतूक अडवावी लागते, अंगावर गुन्हे घ्यावे लागतात. दोन्ही बाजू दबावच आणतात. त्यांचा दबाव दालनात बसून होतो, आमचा चौकात, आणि पोलिसांच्या दफ्तरी नोंद फक्त आमच्या दबावाची होते.

प्राजक्त

ऊसफड, आपला मुद्दा मला पूर्ण पटला. माझ्या प्रतिसादात ही विषमता सुटली होती.

मीमांसा

ऊसफड म्हणतात त्याला कायद्याच्या भाषेत हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात आणि त्यावरचा उपाय लॉबिंगच्या नोंदणीपेक्षा वेगळा आहे. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. मानधनाचे संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, नियंत्रण देणारी भागभांडवली मालकी, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक काम अशा पाच बाबी सदस्याने त्यात जाहीर करायच्या असतात. लोकसभेत अशी नोंदवही नाही. तेथे नियम ३७१ आहे, पण तो वैयक्तिक आर्थिक हितसंबंध असलेल्या सदस्याच्या मतावर आक्षेप घेण्यापुरता आहे, आणि तो आक्षेपही दुसऱ्या सदस्याने घ्यावा लागतो.

याचा परिणाम काय होतो ते २०१५ मध्ये दिसले. सिगारेट, विडी आणि तंबाखूच्या पाकिटांवर दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर चित्रमय इशारा छापण्याची अधिसूचना निघाली होती आणि ती १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायची होती. लोकसभेच्या अधीनस्थ विधिविधान समितीने (कायद्याखाली सरकारने केलेले नियम तपासणारी समिती) ती थांबवण्याची शिफारस केली. समितीचे अध्यक्ष अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी होते, आणि तंबाखूने कर्करोग होतो असे दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, जे आहेत ते परदेशी आहेत, असे ते जाहीरपणे म्हणाले. समितीतले एक सदस्य श्यामाचरण गुप्ता स्वतः विडी व्यवसायातले होते. ते विडी उद्योजक आहेत ही गोष्ट कोणापासून लपलेली नव्हती, तरीही विडीच्या पाकिटावरील इशाऱ्याचा विचार करणाऱ्या समितीत ते बसू शकले. तक्रारी झाल्यावर त्यांना समितीतून हलवण्यात आले, पण तोवर अंमलबजावणी पुढे ढकलली गेली होती.

रुग्णसेवा

मीमांसा यांनी जे प्रसंग सांगितले त्या काळात मी तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांसोबत काम करत होते, म्हणून सविस्तर लिहिते. त्याच फेब्रुवारीत आर. आर. पाटील यांचे तोंडाच्या कर्करोगाने निधन झाले होते आणि रुग्णांचे नातेवाईक आम्हाला त्यांचे नाव घेऊन प्रश्न विचारत होते. अशा वेळी भारतीय अभ्यास नाही हे वाक्य वर्तमानपत्रात वाचणे फार क्लेशदायक होते. आमच्या वॉर्डातले रुग्ण गावोगावचे होते. त्यांच्या तोंडातील गाठ परदेशातून आलेली नव्हती.

परंतु प्राजक्त यांचा मुद्दा मी उलट बाजूने मान्य करते. तेव्हा डॉक्टरांनीही दबाव आणला. कर्करोगतज्ज्ञांनी पत्रे लिहिली, खासदारांच्या भेटी घेतल्या, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना सोबत नेले, माध्यमांसमोर बोलले. समितीने पुढे ५० टक्क्यांचा पर्याय सुचवला, तरी १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के इशारा लागू झाला. आमची प्रत्येक भेट उघड होती. कोणी यादी मागितली असती तर आम्ही आनंदाने दिली असती. समोरच्या बाजूच्या भेटींची यादी मात्र आजही कोणाकडे नाही.

या एका विषयात नियम अस्तित्वात आहे हेही नोंदवते. भारताने २००४ मध्ये मान्य केलेल्या तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारातील कलम ५.३ नुसार सार्वजनिक आरोग्याचे धोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवायचे असते, आणि त्याच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की उद्योगाशी संपर्क आवश्यक तेवढाच असावा आणि तो पारदर्शक असावा. एका उद्योगासाठी जे तत्त्व मान्य झाले, ते वाळू, मद्य, औषधे आणि बांधकाम यांना का लागू करता येऊ नये?

सावली२१

मुद्गल हे नाव वाचून गोंधळ झाला. मुद्गल प्रकरण १९५१ चे आहे ना?

मीमांसा

ती दोन वेगळी माणसे. धाग्यात आलेले न्यायमूर्ती मुकुल मुद्गल हे चौकशी करणारे होते. १९५१ च्या प्रकरणातले एच. जी. मुद्गल हे हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य होते. बॉम्बे बुलियन असोसिएशन या सराफी व्यापाऱ्यांच्या संस्थेकडून पैसे घेऊन संसदेत तिच्यासाठी प्रश्न विचारणे, दुरुस्त्या मांडणे असा त्यांच्यावर ठपका होता. चौकशी समितीने तो खरा मानला आणि पंडित नेहरूंनी त्यांना काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांनी आधीच राजीनामा दिला, तरी ते हकालपट्टीस पात्र होते असे सभागृहाने ठरावाने नोंदवले. आपले प्रजासत्ताक तेव्हा दोन वर्षांचेही नव्हते. त्यानंतर ५४ वर्षांनी, डिसेंबर २००५ मध्ये, प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदार बडतर्फ झाले.

येथे एक भेद स्पष्ट ठेवावा. पैसे घेऊन प्रश्न विचारणे हा भ्रष्टाचार आहे आणि त्यासाठी नवा कायदा नको. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ पासून लाच देणाराही थेट दोषी ठरतो, आणि वैयक्तिक वजन वापरून लोकसेवकावर प्रभाव टाकण्यासाठी लाभ घेणे हाही गुन्हा आहे. धाग्याचा प्रश्न पैसे न देता, कायद्याच्या चौकटीत, परंतु बंद दाराआड टाकल्या जाणाऱ्या प्रभावाचा आहे.

डब्लिनवासी

मी आयर्लंडमध्ये एका छोट्या सामाजिक संस्थेत नोकरी करते आणि वर्षातून तीनदा लॉबिंगचे विवरण भरते, म्हणून हा कायदा हाताळायला कसा असतो ते सांगते. २०१५ च्या कायद्यानुसार चार-चार महिन्यांचे तीन कालखंड असतात आणि कालखंड संपल्यावर २१ दिवसांत विवरण ऑनलाइन भरावे लागते. आम्ही कोणाशी संपर्क साधला, कोणत्या विषयावर, आमची अपेक्षा काय होती, आणि पत्र, दूरध्वनी की बैठक, एवढेच लिहायचे असते. खर्च विचारत नाहीत. मला एका विवरणाला साधारण एक दुपार लागते.

महाराष्ट्रातील वाचकांना विशेष उपयोगी वाटेल अशी त्यातली एक तरतूद आहे. एरवी दहापेक्षा अधिक कर्मचारी असलेला मालक, किंवा पगारी कर्मचारी असलेली संस्था यांनाच नोंदणी लागते. पण जमिनीचा विकास किंवा तिचा झोन (ठरवून दिलेला वापर) बदलणे हा विषय असेल तर कोणीही व्यक्ती त्याखाली येते, आणि स्थानिक नगरसेवकाशी केलेला संपर्कही धरला जातो. स्वतःच्या राहत्या घरापुरती सवलत आहे. डब्लिनच्या परिसरातील झोनबदलांसाठी लोकप्रतिनिधींना पैसे दिल्याच्या आरोपांची चौकशी येथे १९९७ ते २०१२ अशी पंधरा वर्षे चालली होती. त्या अनुभवाचा ठसा या कायद्यावर आहे.

पेठकर

डब्लिनवासी यांचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ थांबलो. आमच्या शहराच्या विकास आराखड्यात शाळेचे किंवा उद्यानाचे आरक्षण उठते तेव्हा १९६६ च्या प्रादेशिक नियोजन कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे फेरबदलाची सूचना निघते, हरकती मागवतात, सुनावणी होते. हरकत घेणाऱ्याचे नाव, पत्ता, सही, सर्व काही कागदावर असते. पण आरक्षण उठवावे ही कल्पना प्रथम कोणाच्या मनात आली, ती घेऊन कोण कोणाकडे गेले, हे त्या कागदांत शोधून सापडत नाही. ऊसफड यांनी चौक आणि दालन असा जो फरक सांगितला तो शहरातही तसाच आहे.

जनतेचा दबाव निष्फळ ठरतो असेही नाही. मुंबईच्या विकास आराखड्याचा २०१५ चा मसुदा लोकांच्या विरोधामुळे रद्द करून नव्याने करावा लागला होता.

पाणवठा

माझे मत बहुतेकांपेक्षा वेगळे आहे. मी जिल्हा पातळीवर पाण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेत आहे. आमच्याकडे दोन कर्मचारी आहेत. धर्मादाय कार्यालयाचे हिशेब, आयकराची विवरणे, देणगीच्या प्रमाणपत्रांची विवरणे हे करता करताच वर्ष संपते. आयर्लंडमध्ये एका दुपारी होणारे काम येथे वर्षाची टांगती तलवार होईल. उद्या आम्ही तहसीलदारांकडे टँकर मागायला गेलो आणि नोंद राहिली, तर आमच्यावर कारवाई होईल. मोठ्या कंपनीकडे कंपनी सचिव असतो, वकील असतात. त्यांची विवरणे वेळेवर जातील आणि बिनचूक असतील. कायदा बलवानासाठी केला जातो आणि दुर्बळावर चालतो, हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. म्हणून भेटायला जाणाऱ्याच्या नोंदणीला माझा स्पष्ट विरोध आहे.

प्राजक्त

पाणवठा यांची भीती खरी आहे, आणि ब्रिटनचे उदाहरण तिला बळ देते. तेथील २०१४ चा कायदा फक्त दुसऱ्यासाठी काम करणाऱ्या सल्लागार लॉबिस्टांना नोंदणी लावतो. कंपनीचा स्वतःचा पगारी माणूस त्यातून सुटतो. २०२० मध्ये माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी ग्रीनसिल या वित्तीय कंपनीसाठी अर्थमंत्र्यांना संदेश पाठवले, आणि पुढे निष्कर्ष निघाला की ते कंपनीचे कर्मचारी असल्याने त्यांना नोंदणीची गरजच नव्हती. कॅमेरून पंतप्रधान असतानाच हा कायदा झाला होता. लॉबिस्ट कोण याची व्याख्या केली की व्याख्येच्या बाहेर उभे राहण्याची जागा तयार होते. अमेरिकेतही एखाद्या पक्षकाराच्या कामातला २० टक्क्यांहून कमी वेळ लॉबिंगला देणारा माणूस नोंदणीतून सुटतो.

सावली२१

पण पैशाचे काय? पक्षाला देणगी देणाऱ्याला मंत्र्याच्या भेटीची वेळ मागावी लागते का?

मीमांसा

हा प्रश्न टाळता येणार नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे योजना (पक्षांना नाव जाहीर न करता देणगी देण्याची सोय) घटनाबाह्य ठरवली तेव्हा हाच तर्क केंद्रस्थानी होता. मोठी देणगी देणाऱ्याला धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचण्याची वाट मिळते, आणि देणगी व निर्णय यांचा परस्परसंबंध पाहता यावा म्हणून मतदाराला माहिती हवी, असे न्यायालयाने म्हटले. मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच कंपनीने देणगी द्यावी ही मर्यादा २०१७ मध्ये काढली होती, तो बदलही रद्द झाला. मात्र देणगीची तारीख कळूनही भेटीची तारीख कळत नसेल तर संबंध लावणार कसा? दोन्ही नोंदी शेजारी ठेवता आल्या पाहिजेत.

जुनेदफ्तर

मी राज्य शासनाच्या सेवेत ३१ वर्षे होतो, त्यातली बरीच वर्षे कक्ष अधिकारी म्हणून नस्त्या (फायली) हाताळल्या. आतून काय दिसते ते लिहितो.

निवेदन आले की त्याला आवक क्रमांक पडतो. मंत्र्यांनी त्यावर शेरा मारला की तो शेरा नस्तीत लागतो. शिष्टमंडळाची बैठक झाली तर इतिवृत्त होते. सामान्य माणसाने केलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीची खूण राहते, कारण त्याच्याकडे कागदाशिवाय दुसरे साधन नसते. ज्याचे वजन असते तो कागद देत नाही. तो बोलतो. मग एके दिवशी वरून तोंडी सूचना येते की या विषयावर प्रस्ताव सादर करा, आणि कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हातून टिप्पणी सुरू होते, ‘प्रस्तुत प्रकरणी असे निदर्शनास आले आहे की...’ कोणाच्या निदर्शनास आले, कोणी आणून दिले, हे त्या वाक्यात नसते. अशी वाक्ये मी स्वतः लिहिली आहेत आणि आज त्याचे मला दुःख आहे.

म्हणून माझे उत्तर असे की जबाबदारी भेट देणाऱ्यावर हवी. पाणवठा यांच्यासारख्यांना एकही नवा कागद भरावा लागू नये. मंत्री, सचिव, आयुक्त, जिल्हाधिकारी यांच्याकडे स्वीय सहायक असतात, दिनदर्शिका असतात, भेटींच्या वेळा लिहिलेल्याच असतात. त्या प्रसिद्ध करायच्या आहेत, एवढेच.

नोंदवही

जुनेदफ्तर यांचे मनापासून आभार. चिलीमध्ये २०१४ पासून जवळपास याच पद्धतीचा कायदा आहे. तेथे मंत्री आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आपल्या भेटी, प्रवास आणि मिळालेल्या भेटवस्तू यांची नोंद प्रसिद्ध करायची असते. मूळ प्रश्न विचारताना माझा कल अमेरिकी पद्धतीकडे होता. पाणवठा, ऊसफड आणि जुनेदफ्तर यांचे वाचून मी तो बदलला आहे.

आपल्याकडे यासाठी थोडा आधार आधीच आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की महत्त्वाची धोरणे आखताना सर्व संबंधित तथ्ये शासनाने आपणहून प्रसिद्ध करावीत. २०१४ च्या केंद्राच्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणानुसार कायद्याचा मसुदा ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा आणि आलेल्या सूचनांचा गोषवाराही प्रसिद्ध करायचा असतो. ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे न पाळल्यास काही होत नाही. मी आमच्या आमदारांना द्यायला एक निवेदन तयार करत आहे. सूचना कळवाव्यात.

ऊसफड

त्यात हितसंबंधांच्या नोंदवहीची मागणी अवश्य घाला, राज्यसभेसारखी, आणि ती विधानसभा, विधान परिषद आणि जिल्हा परिषदेपर्यंत आणा. साखरेचा विषय निघाला की कारखान्याचा अध्यक्ष असलेल्या आमदाराने ‘मी अमुक कारखान्याचा अध्यक्ष आहे’ असे उभे राहून सांगावे आणि मग खुशाल बोलावे. आम्हाला त्यांचे तोंड बंद करायचे नाही.

पेठकर

आणि झोनबदल, आरक्षण हे विषय नगरसेवकापासून लागू असावेत. आमच्या शहराचे बरेचसे भवितव्य तेथे ठरते.

पाणवठा

भेट देणाऱ्यावरच जबाबदारी असेल तर माझा विरोध मी मागे घेते. आमचे नाव त्या यादीत आले तर आम्हाला उलट उपयोग होईल, कारण टँकरसाठी आम्ही किती वेळा गेलो होतो हे दाखवता येईल.

जुनेदफ्तर

निवेदनासोबत नमुना जोडा, नाही तर ‘नमुना निश्चित झाल्यावर कार्यवाही करण्यात येईल’ असे उत्तर येईल. पाच रकाने पुरेत : भेटीचा दिनांक, भेटणाऱ्याचे नाव, तो कोणातर्फे आला, विषय, आणि त्या विषयाच्या नस्तीचा क्रमांक. दूरध्वनी आणि संदेशही भेटच धरावी. तिसरा रकाना रिकामा सोडण्याची मुभा ठेवू नका. माणूस स्वतःसाठी आला असेल तर तेथे ‘स्वतः’ असे लिहावे.